शिंगाचे इंच आणि वाटेवरची माणसं : रूझवेल्ट बंधूंच्या पामीर-शिकारीचं एक वाचन

जुनी शिकारपुस्तकं आपल्याकडे दोनच प्रकारे वाचली जातात. काही जण 'काय छातीची माणसं होती' म्हणत पानं उलटतात. दुसरे पहिल्याच मेलेल्या जनावराच्या फोटोपाशी पुस्तक मिटतात. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या संस्थानी गावांत हे जास्तच होतं. इथे शिकार म्हणजे कुणाच्या तरी पणजोबांची गोष्ट असते, त्यामुळे अभिमान तरी आडवा येतो नाहीतर संकोच. दोन्हीकडे पुस्तक वाचायचं राहूनच जातं.

म्हणून या टिपणासाठी मुद्दामच दूरचं पुस्तक घेतलं आहे. त्यात आपलं कुणी नाही, त्यामुळे बाजू घ्यायची घाई नाही. थिओडोर (धाकटे) आणि कर्मिट रूझवेल्ट या दोन अमेरिकन भावांनी मिळून लिहिलेलं 'ईस्ट ऑफ द सन अँड वेस्ट ऑफ द मून' १९२६ साली न्यूयॉर्कला प्रसिद्ध झालं. नाव एका नॉर्वेजियन परीकथेवरून घेतलेलं. विषय मात्र अगदी जमिनीवरचा : १९२५ साली काश्मीर आणि लडाखमधून काराकोरम ओलांडून चिनी तुर्कस्तानात, म्हणजे आजच्या शिनजियांगमध्ये, आणि पुढे पामीरवर केलेली शिकारीची मोहीम.

मोहीम कशासाठी?

हे दोघे अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे मुलगे. वडील १९१९ साली वारले. थोरला मुलगा नौदल खात्यात उपमंत्रिपदावर होता. १९२४ च्या नोव्हेंबरात तो न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरला, आणि पाच-सहा महिन्यांत मध्य आशियाच्या वाटेला लागला. धाकटा कर्मिट १९०९ साली वडिलांबरोबर आफ्रिकेत आणि नंतर ब्राझीलच्या जंगलनदीवरही गेलेला. या मोहिमेत त्यांच्याबरोबर जॉर्ज चेरी हे अनुभवी निसर्गअभ्यासक आणि सायडम कटिंग हे मित्र होते. खर्च शिकागोचे व्यापारी जेम्स सिम्प्सन यांनी उचलला आणि मोहीम शिकागोच्याच फील्ड म्युझियमच्या नावाने निघाली.

म्हणजे ही राजेरजवाड्यांची मौज नव्हती, निदान कागदोपत्री तरी. संग्रहालयासाठी प्राण्यांचे नमुने आणायचे, हे काम. त्या नमुन्यांत सर्वांत वर होता पामीरचा रानमेंढा. प्राणिशास्त्रज्ञ त्याला ओव्हिस पोली म्हणत.

या मेंढ्याची कहाणी शिकाऱ्यांच्या कितीतरी आधीची आहे. तेराव्या शतकात मार्को पोलो पामीर ओलांडून गेला. तिथल्या मेंढ्यांची शिंगं सहा-सहा वितींची असतात, धनगर त्यांचे वाडगे करतात आणि रात्री गुरं कोंडायला त्यांचंच कुंपण घालतात, असं त्याने सांगून ठेवलं. त्याच्या वृत्तान्ताच्या एका पाठात, बर्फात वाट चुकू नये म्हणून शिंगा-हाडांचे ढीग रचत, अशीही नोंद आहे. युरोपात कित्येकांना ही थाप वाटली. १८३८ मध्ये कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा लेफ्टनंट जॉन वुड ऑक्सस नदीचा उगम शोधत पामीरवरच्या झोरकुल तळ्यापर्यंत गेला आणि येताना शिंगं घेऊन आला. त्या शिंगांवरूनच एडवर्ड ब्लाइथने १८४१ मध्ये या मेंढ्याला पोलोचं नाव दिलं. जनावर जिवंत पाहण्याआधी शास्त्राने त्याची शिंगं पाहिली. पुढे शंभर वर्षं हेच चाललं, शिंग आधी आणि मेंढा नंतर.

पुस्तकाची जमेची बाजू

पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगायला हवं. त्याचं बळ वाटेत आहे. श्रीनगरहून निघायचं, झोजी ला ओलांडून लडाखात उतरायचं, लेहला तट्टं आणि दाणागोटा जमवायचा, मग खारदुंग आणि सासेरच्या खिंडी करत अठरा हजार फुटांहून उंच काराकोरम खिंडीपर्यंत चढायचं. पुढे यारकंद येईपर्यंत कित्येक मुक्कामांवर गवताची काडी नाही. जनावरांचं खाणं जनावरांच्याच पाठीवर. त्यामुळे ओझी वाहणारी तट्टं जितकी जास्त, तितकं त्यांच्याचसाठी न्यायचं ओझंही जास्त. गणित चुकलं की तट्टं पडतात. या वाटेवर हाडांचा माग धरून चालता येतं, असं तिथून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रवाशाने लिहिलं आहे.

ही वाट शतकानुशतकं व्यापाऱ्यांची होती. चरस, रेशीम, लोकर, नमदे, चहा तिच्यावरून जात. लेहमध्ये १८७० पासून इंग्रज आणि काश्मीर दरबार यांचा मिळून वाहतुकीचा बंदोबस्त असे. पलीकडे चिनी तुर्कस्तान १९१२ पासून यांग त्सेंग-शिन या गव्हर्नरच्या पोलादी पण शांत कारभाराखाली होतं. १९२८ साली त्याचा खून झाला, आणि पुढच्या काही वर्षांत तो मुलूख बंडाळीत गेला. रूझवेल्ट बंधू १९२५ मध्ये गेले, म्हणजे एक दार मिटण्याआधी आत डोकावून आले. बाजार, सराया, चिनी अंमलदारांच्या मेजवान्या, तिएनशानच्या सूचिपर्णी झाडांखाली उतरलेले कझाक आणि किरगिझ यांची वर्णनं आज इतिहासाच्या कामाला येतात. दोघांची भाषा साधी आहे, स्वतःची थोडी थट्टा करायला ते लाजत नाहीत, आणि थंडीने बोटं आखडली तर आखडली म्हणतात. शिकारपुस्तकात हा गुण दुर्मीळच.

इंचांचा हिशेब

खटकतं ते यानंतर. पुस्तक शिकारीच्या जागी पोचलं की त्याचं मोजमाप बदलतं. वाटेवर मैल, खिंडी, माणसं मोजली जातात. पामीरवर इंच मोजले जातात.

हे या दोघांचंच वेड होतं असं नाही. लंडनच्या रोलंड वॉर्ड कंपनीने १८९२ पासून मोठ्या शिकारीच्या विक्रमांची नोंदवही छापायला घेतली होती. पोलीच्या शिंगात आकडा सांगितला जाई तो फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडच्या डोक्याचा, वळणावरून मोजल्यास ७५ इंच. तो मेंढा रॉबर्ट्स यांनी मारलेला नव्हता, त्यांना ते डोकं भेट आलेलं. पण वहीत नाव राहिलं मालकाचं. मारणारा कोण, शोधणारा कोण, याला रकाना नाही. एकदा अशी वही आली की डोंगरावरचा प्रत्येक मेंढा दुर्बिणीतून बघताना माणूस मनात टेप लावतो. पन्नास इंचाच्या आतला असेल तर सोडा, साठचा असेल तर जीव टाकून चढा.

इथे मोहिमेच्या दोन हेतूंची फारकत होते. संग्रहालयाला देखावा उभारायचा तर नर हवा, मादी हवी, अर्धवट वयाचं पिल्लू हवं. वहीला फक्त म्हातारा नर हवा. गोष्ट रंगते तीही म्हाताऱ्या नराभोवतीच, कारण तो हुशार, दूरचा, वाऱ्यावरून माणूस ओळखणारा. मादीची शिकार कुणी रंगवून सांगत नाही. वडिलांच्या आफ्रिकेच्या मोहिमेतही हेच दुहेरी खातं होतं. ती स्मिथसोनियनसाठी होती, तिच्यातून अकरा हजारांवर नमुने आले, झाडपाला आणि किडेही त्यात आले. पण लोकांच्या लक्षात राहिले बंदुकीचे ५१२, वडिलांचे २९६ आणि कर्मिटचे २१६. म्हणजे मुलांनी पुस्तक लिहिलं तेव्हा हा नमुना घरातच तयार होता.

शास्त्राचं नाव घेऊन शिकारीची हौस भागवली, असा सरधोपट आरोप मी करणार नाही. शिकागोच्या त्या संग्रहालयात पोलीच्या मेंढ्यांचा देखावा आजही उभा आहे. पामीर कधीच न पाहणाऱ्या लाखो मुलांनी काचेपलीकडून तो पाहिला. रंगीत चित्रफिती नसलेल्या काळात याला मोल होतं. एखाद्या दिवाणखान्यात धूळ खात लटकलेल्या डोक्यापेक्षा, जागा आणि तारखेसह जपलेला नमुना केव्हाही बरा. आक्षेप वेगळाच आहे. हे काम कुणाच्या जिवावर झालं, ते पुस्तकाला माहीत आहे, त्यात लिहिलेलंही आहे, आणि तरी हिशेबात धरलेलं नाही.

रहीमा आणि खलील

मोहिमेचे मुख्य शिकारी काश्मीरचे दोन भाऊ होते, रहीमा लोन आणि खलील लोन. काश्मिरी शिकारी हा त्या काळी एक धंदाच होता. साहेबाची चिठ्ठी जपून ठेवायची, पुढच्या साहेबाला दाखवायची, खोरं मिळवायचं, तट्टेवाले ठरवायचे, मुक्कामावर चूल पेटते की नाही बघायचं, आणि पहाटे साहेबाला वाऱ्याच्या उलट अंगाने डोंगरावर न्यायचं, हे सगळं एकाच माणसाकडे. हे दोघे भाऊ त्या धंद्यातले नावाजलेले. लेखकांनी त्यांच्याविषयी आपुलकीने लिहिलं आहे, नावं दिली आहेत. शेकडो शिकारपुस्तकांत 'माझा शिकारी' एवढ्यावर भागवलेलं असतं, त्यापेक्षा हे खूपच बरं.

पण आपुलकी वेगळी आणि श्रेय वेगळं. पुस्तक वाचताना बारीक लक्ष ठेवा, उघड्या माळासारख्या पामीरवर जनावर आधी कुणाला दिसतं? बहुतेक वेळा शिकाऱ्याला किंवा बरोबरच्या किरगिझाला. कुठल्या उताराने गेलं तर वास लागणार नाही, हे कोण ठरवतं? तेच. हवा विरळ, दहा पावलांवर दम लागतो, अशा जागी याक कुणाचे? किरगिझांचे. रात्री नमद्याचा गोल तंबू, चहा, मेंढीचं मटण कुणाचं? त्यांचंच. बंदुकीचा चाप तेवढा पाहुण्याचा. वाक्यात मात्र 'मी' मेंढा मिळवतो आणि 'आम्हाला' शिंगं मिळतात.

आता कुणी म्हणेल, यात नवं काय? जगातल्या सगळ्याच मोहिमा अशा झाल्या. खरं आहे. पण या पुस्तकात शिंगाची लांबी इंचाइंचाने कळते आणि रहीमाला दिवसाला काय मिळत होतं, ते वाचकाच्या मनात ठसत नाही. या वाटेवरचं मोल तर साधं नव्हतं. लडाखात सरकारी आणि साहेबी प्रवाशांना गावांनी पाळीपाळीने तट्टं आणि हमाल पुरवायचे, अशी 'रेस' नावाची पद्धत होती. दर वरून ठरायचा, आणि गावकऱ्याला नाही म्हणायला फारशी जागा नसे. गिलगिटच्या रस्त्यावर तर बिगारीने एकोणिसाव्या शतकात गावंच्या गावं पिळून काढली होती. आपल्या वेठबिगारीचाच हा डोंगरी भाऊ. शिंगं विकत घेतलेली नव्हती हे खरं, पण ती डोंगरावरून फुकट खाली आली नाहीत. त्यांची किंमत चुकवणारी माणसं पुस्तकात आहेत, किंमत नाही.

न लिहिलेलं पुस्तक

तुलनेला एक माणूस घेऊ. सेंट जॉर्ज लिटलडेल हा इंग्रज रूझवेल्ट बंधूंच्या पस्तीस-एक वर्षं आधी पामीरवर पोलीच्या मागे होता. १८९० साली बायको टेरेसाला बरोबर घेऊन त्याने रशियाच्या बाजूने पामीर ओलांडला आणि गिलगिटकडे उतरला. त्याने दिलेले नमुने ब्रिटिश म्युझियमला गेले. पण प्रवासाचं पुस्तक त्याने लिहिलंच नाही. भूगोल संस्थेला निबंध दिले, पुस्तक नाही. परिणाम असा की पुढच्या शंभर वर्षांत तो जवळपास विसरला गेला, आणि रूझवेल्टांचं नाव राहिलं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, शिकारीचा इतिहास मारण्यातून बनत नाही, लिहिण्यातून बनतो. दोन, लिटलडेलसारखा श्रीमंत, शिकलेला, मोठ्या संस्थांशी संबंध असलेला माणूस केवळ पुस्तक न लिहिल्यामुळे पुसला जातो, तर ज्याला लिहायला येतच नव्हतं त्या खलील लोनचं काय? त्याचं नाव आपल्याला कळतं ते दुसऱ्याने लिहिलं म्हणून. त्या दुसऱ्याने किती लिहिलं, यावरच त्याचा इतिहास अवलंबून. म्हणून अशा पुस्तकाकडून जास्त मागायचा हक्क वाचकाला आहे.

आज तोच डोंगर

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं पर्व संपलं. सीमेपलीकडे ते संपलेलं नाही. ताजिकिस्तानात पोलीच्या मेंढ्याचे शिकार-परवाने परदेशी पाहुण्यांना विकले जातात. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तान आणि चित्रालमध्ये मारखोराच्या मोजक्या परवान्यांचा लिलाव होतो, आणि त्या रकमेचा ८० टक्के वाटा स्थानिक गावसमूहाला मिळतो. मारखोर २०१५ साली जागतिक यादीत 'धोक्यात' या वर्गातून दोन पायऱ्या खाली, 'धोक्याच्या जवळ' या वर्गात आला, त्याचं थोडं श्रेय या पद्धतीला दिलं जातं. पैसा देऊन दुर्मीळ जनावर मारायचं हे पटो न पटो, मलाही पूर्ण पटत नाही. पण एक फरक नोंदवण्याजोगा आहे. १९२६ च्या पुस्तकात जो रकाना नव्हता तो इथे कागदावर आला : डोंगर कुणाचा, राखला कुणी, वाटा किती. परवाना घेणारा अजूनही इंचच मोजतो, हेही तितकंच खरं.

या अंगाने पाहिलं की पुस्तकाचं परीक्षण एका वाक्यात मांडता येतं. प्रवासवर्णन म्हणून ते पहिल्या प्रतीचं आहे. संग्रहालयाच्या कामाची नोंद म्हणून प्रामाणिक आहे. डोंगराचा इतिहास म्हणून मात्र अर्धंच, कारण त्यात डोंगरावरच्या माणसांना चेहरा आहे, खातं नाही. वाचावं जरूर, पण शिंगांची पानं भराभर आणि वाटेची पानं सावकाश.

आपल्या अल्बमांकडे परत

आता आपल्या गावांचं. १९२० साली ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या नावाने वाघाच्या शिकारीचं मार्गदर्शन करणारं इंग्रजी पुस्तक निघालं. रूझवेल्ट बंधू लडाखच्या वाटेवर होते त्याच १९२५ च्या जूनमध्ये महाराज पॅरिसला वारले. दोन्ही पुस्तकं एकाच काळातली, पण जात निराळी. पामीरवर एक पाहुणा, एक शिकारी, एक याक असा मामला. शिवपुरीकडच्या जंगलात हाका म्हणजे शेकडो माणसांची जुळवाजुळव, मचाणं, थांबे, हाकारे, हत्ती. त्यामुळे आपल्याकडे गाळली गेलेली माणसंही शेकड्यांनी आहेत.

आपल्या मंडळात येणारे शिकारीचे जुने फोटो पाहा. मधोमध वाघ, मागे खुर्चीवर पाहुणे, बाजूला सरदार मंडळी. पाठीमागे दोन ओळी उभ्या, डोक्याला मुंडासं, हातात काठ्या किंवा ढोल. फोटोखाली वाघाची लांबी असते, फूट आणि इंचांत. पाहुण्यांची नावं असतात. मागच्या दोन ओळींखाली काही नसतं. त्यातले बरेच जण सहरिया किंवा आसपासच्या गावांतले, त्यांची नातवंडं आज शिवपुरी-श्योपूरकडे आहेत. इंदूरच्या, बडोद्याच्या अल्बमांतही तीच रचना, जंगल तेवढं वेगळं.

वन्यजीव कायद्यानंतर कातडं किंवा डोकं घरात ठेवायला मालकीचा दाखला लागतो. त्या धास्तीने पुष्कळ घरांत या वस्तूंबरोबर अल्बमही माळ्यावर जातात. फोटो हा कागद आहे, त्याला भ्यायचं कारण नाही. तो काढा, स्कॅन करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाघाची लांबी विचारू नका, ती लिहिलेली आहेच. मागच्या ओळीतला माणूस कोण, हाक्याची मजुरी रोख मिळे की धान्यात, कुणाला जखम झाली तर पुढे काय होई, हे विचारा. जे नाव कळेल ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून. रहीमा आणि खलील लोन ही दोन नावं शंभर वर्षांनी आपल्यापर्यंत पोचली ती कुणीतरी कागदावर लिहिली म्हणून. आपल्याकडच्या मागच्या ओळीची निदान काही नावं अजून लिहिता येतील, ती आठवणारी माणसं आहेत तोवर.